चुन्याखालचं नाव

तो माणूस सकाळी आला, पिकअपमधून.
मागे निळ्या रंगाचे अकरा डबे.
म्हणाला, "निएवेसबाई, भिंत तीच. नाव तेच.
या खेपेला अक्षरं जरा मोठी काढा."

चाल्यापाताच्या रस्त्यावरची ही मातीची भिंत
मला तळहातासारखी पाठ आहे:
कुठे फुगलीय, कुठे ब्रश अडतो,
लामा कुठे अंग घासतात.
पहिल्यांदा 'रेनान' लिहिलं माझ्या नवऱ्याने.
मी शिडी धरली होती.
वाऱ्याने रंगाचे शिंतोडे माझ्या हॅटवर आले,
आणि आम्ही हसलो, कारण तेव्हा
सगळेच निळे झालो होतो.

मग गॅसचं सिलिंडर महागलं.
मग पाव.
एकोणीस दिवस आम्ही रस्ता अडवून बसलो,
दगड रचले, शेकोट्या केल्या.
एका दुपारी त्याचं हेलिकॉप्टर आलं,
जरासं वाकलं, पाहिल्यासारखं केलं,
आणि ओरुरोकडे निघून गेलं.
त्या रात्री थंडी अशी पडली
की आम्ही शाळेच्या खुर्च्या जाळल्या.
आधी मोडक्या. मग धड.

पुसायचे पैसे गावाने दिले,
बाजारातल्या बायकांनी नाणं नाणं जमवून.
आपी विकणाऱ्या फ्लोरेन्सियाने तर
त्या दिवसाचा गल्लाच उलटा केला माझ्या पदरात.
एव्हाना नवरा नव्हता.
मी एकटी शिडीवर चढले, 'रे'पासून सुरुवात केली.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
चुन्यात निवडुंगाचा चीक घालावा लागतो,
रात्रभर भिजवून, गाळून,
तेव्हा तो भिंतीला धरतो.
त्या दिवशी हात गारठले होते, घाई होती,
चीक मी अर्धाच घातला.
कोण बघतंय, म्हटलं.

जानेवारीत गारा पडल्या
आणि नाव वर यायला लागलं.
आधी एक फिकट वेलांटीसारखी रेघ,
मग पोट, मग शेपूट.
लोक थांबून बघायचे.
म्हातारा एउलोहियो टोपी काढून म्हणाला,
"बघा, माणूस गेला नाही, दबा धरून बसलाय."
रेडिओवर कुणीतरी आकडे सांगत होतं:
आठ टक्के, मग चौदा, मग एकवीस.
मी गप्प.
त्याच्यात जीव आलाय म्हणून काही ते वर आलं नव्हतं.
पुसणारीनेच कसर केली होती.

आणि परवा शाळेत चाळीस खुर्च्या आल्या.
लाल, प्लास्टिकच्या, पाठीवर त्याचं नाव.
माझी नात इतके दिवस विटेवर बसायची.
घरी आली आणि म्हणाली, "आजी, टेकता येतं!"
आता मी तिला काय सांगू?
खुर्ची चांगली आहे. मी स्वतः बसून पाहिली.

"काय वाटतं," पिकअपवाला विचारतो,
डब्याचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटत,
"येतील का परत? तुमचं गाव काय म्हणतं?"
गाव काय म्हणणार.
फ्लोरेन्सिया म्हणते, आधी मेलेला गेला तर येईल.
एउलोहियो म्हणतो, दुसरे तरी कुठे धुतल्या तांदळाचे.
शिक्षक काहीच म्हणत नाहीत, खुर्च्या मोजून घेतात.

लिहायचे पैसे तो नोटांत देतो. करकरीत.
मी दोनदा मोजते, पदरात खोचते.
नाव लिहिण्याआधी भिंत पांढरी करावी लागते.
जुन्यावर नवं काढलं तर दोन्ही दिसतात.
कोपऱ्यात निवडुंगाची बादली झाकून ठेवलीय,
रात्रीच भिजत घातलेली.
यात किती घालायचा
हे अजून ठरलेलं नाही.

"शिडी धरा," मी त्याला म्हणते.
तो बूट सांभाळत पुढे येतो.
"नीट धरा. आणि वर बघू नका.
चुना डोळ्यात गेला ना, साहेब,
की मग काहीच दिसत नाही."